नवशिकी बायको, अनोळखी घोडा: इंदूरात सुरुवात कशी करावी?

रामबागकर
मंडळी, जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. पत्नीनं (वय ४१, वजन ६८ किलो) घोडेस्वारी शिकायचं पक्कं केलंय. उड्या, स्पर्धा, शर्यती असलं काही नको. घोड्यावर नीट बसता यावं आणि थंडीच्या दिवसांत मोकळ्या रानात तासभर फेरफटका मारता यावा, एवढीच इच्छा. बायपासच्या बाजूला दोन आणि महूकडे एक अशी तीन ठिकाणं कळली आहेत.

प्रश्न असे:
१. शिकवणारी जागा चांगली की वाईट हे घोड्यातलं काही न कळणाऱ्यानं कसं ओळखायचं?
२. कपडे, बूट, हेल्मेट यांत काय घ्यायलाच हवं आणि कशाला थांबता येईल?
३. मी शिकणार नाही, पण सोबत जाणार आहे. माझी मदत कुठे होईल आणि अडचण कुठे होईल?

पागेवरचा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणसांकडे नाही, घोड्यांकडे आहे. आधी न कळवता सकाळी साडेसहाच्या सुमारास जा आणि पागेतून एक चक्कर मारा.

खोगीर काढलेल्या घोड्याची पाठ बघा. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथे, आणि पोटाखाली तंग (खोगीर आवळायचा पट्टा) बसतो तिथे, केस गेलेले किंवा कातडं सोललेलं असेल तर खोगीर बसत नाही किंवा घोड्याला सुटी मिळत नाही. बारीक पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुन्या, भरलेल्या जखमा. मग तोंडाचे कोपरे बघा. तिथे चिरा असतील तर लगाम ओढून ओढून काम चाललंय. पाण्याची बादली किंवा हौद भरलेला आणि स्वच्छ हवा; घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो, मे महिन्यात त्याहूनही जास्त. पाय ठेवताच डोळ्यांत झोंबणारा मुताचा वास आला तर पागा वेळेवर साफ होत नाही.

बिट (लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा लोखंडी भाग) हातात घेऊन बघायला मागा. नवशिक्यासाठी मधे सांधा असलेला साधा गुळगुळीत स्नॅफल बिट पुरतो. बिटावर काटे किंवा टोकं दिसली तर तिथून परत फिरा. काटेरी लगाम क्रूर तर आहेच, शिवाय १९६५ च्या ओझ्याच्या व जुंपणीच्या जनावरांबाबतच्या नियमांनी तो वापरायलाच मनाई आहे.

मग शिकवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. एक घोडा दिवसात किती तास चालतो? नवख्यांच्या तासाला एका शिक्षकामागे किती जण? पहिले तास लाँजवर (शिक्षकाच्या हातातल्या लांब दोरीवर घोडा गोल फिरवत) होतात की थेट रांगेत सोडतात?

निमाडी_मिरची
आणि वरातीच्या घोडीवाल्याकडे स्वस्तात शिकायला मुळीच जाऊ नका. पाय उचलून नाचणं, ढोल वाजला की पुढून उठणं हेच तिला शिकवलेलं असतं. लगाम ओढला की थांबायच्या ऐवजी ती मागच्या पायांवर उभी राहील, कारण तिच्या लेखी त्या खुणेचा अर्थ तोच. घोडीचा त्यात काही दोष नाही.

पशुवैद्य_देवास
पागेवरचा यांच्याशी सहमत. भर घालतो ती वजनाची, कारण ६८ किलो हा आकडा इथे महत्त्वाचा आहे.

स्वार, खोगीर आणि बाकी सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये. नवशिका तोल सांभाळत नाही, दणके देतो. त्याच्यासाठी हा आकडा आणखी खाली धरलेला बरा. खोगीर, बूट, हेल्मेट मिळून १० किलो धरा. म्हणजे ७८ किलो. घोडा किमान ३९० किलोचा हवा.

काटा नसला तरी टेपनं अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या मागून, तंग बसतो त्या जागी, छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (घोड्याच्या ढुंगणाच्या) मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. उदाहरणार्थ घेर १७० आणि लांबी १५० असेल तर घोडा साधारण ३६५ किलोचा. तुमच्या कामाला तो कमी पडेल. बरेच काठेवाडी आणि छोटे देशी घोडे याच्याही खाली भरतात. चांगला शिक्षक वजन विचारतो आणि त्याप्रमाणे घोडा देतो. वजन न विचारताच घोडा पुढे केला तर त्यावरूनही जागा कळते.

धनुर्वाताची लस दहा वर्षांत झाली आहे का ते बघा. पागेची माती आणि लीद यांत ते जंतू असतातच, आणि खिळा किंवा पत्रा लागणं तिथे रोजचं. घोड्यांची ग्लँडर्सची (घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची) तपासणी झाली आहे का, हेही विचारा. तो आजार माणसालाही होतो. रक्ताचे नमुने खात्रीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. नीट चालणाऱ्या पागेला या प्रश्नाचा राग येत नाही, ते कागद दाखवतात.

सुदामानगरची_शमा
कपड्यांचं मी सांगते, कारण पुरुष मंडळी यात निम्मं सांगतच नाहीत.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून स्वतःचं, नवं, घोडेस्वारीसाठीच बनवलेलं. सायकलचं चालत नाही. ते डोक्याचा मागचा भाग पुरेसा झाकत नाही आणि खुराचा मार धरून बनवलेलं नसतं. आत एएसटीएम एफ ११६३, पीएएस ०१५ किंवा व्हीजी १ यांपैकी एका सुरक्षा-मानकाची खूण छापलेली हवी. माप असं बघायचं: पट्टा न लावता मान हलवली तर हेल्मेटबरोबर भुवयांची कातडी हलली पाहिजे. ते भुवयांच्या वर साधारण दोन बोटं बसावं. एकदा जोरात आपटलं की वरून चिरा दिसो न दिसो, ते बाद.

बुटाला अर्धा ते पाऊण इंच टाच आणि जवळपास सपाट तळ हवा. स्पोर्ट्स शूज नकोत. टाच नसली की पाऊल रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जातं, आणि घोड्यावरून पडून फरफटत जाण्याचं ते मोठं कारण आहे. सुरुवातीला टाचेचे साधे घोट्यापर्यंतचे चामडी बूट पुरतात. गुडघ्यापर्यंतचे महागडे बूट नंतर.

जीन्स नको, मांडीच्या आतली जाड शिवण कातडं सोलते. जाडसर, शिवणी नसलेल्या लेगिंग्ज चालतात. आतले कपडेही शिवणी नसलेले घ्यावेत आणि सुरुवातीला मांडीच्या आतल्या बाजूला व्हॅसलिन लावावं. घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा हवीच, नाहीतर दुडकीत (घोड्याच्या उसळत्या संथ धावेत) खांदे आपोआप पुढे वाकतात आणि शिक्षकाला कारण कळत नाही. केस मानेशी खाली बांधायचे, उंच अंबाडा हेल्मेटमध्ये बसत नाही. ओढणी, बांगड्या, लोंबते कानातले, अंगठी नको. मंगळसूत्र घरी किंवा पाकिटात. घोड्याची दोरी बोटात अडकली आणि त्याच बोटात अंगठी असली तर काय होतं ते लिहवत नाही.

पाठीचं संरक्षक जॅकेट उड्या आणि रानातल्या फेऱ्या सुरू झाल्यावर घ्या. गोल मैदानातल्या चालीसाठी ते थांबू शकतं.

पागेवरचा
शमाताईंनी लिहिलेल्या रिकिबीबद्दल एक जोड: रिकीब बुटापेक्षा इंचभर रुंद असावी. अरुंद असली तर पाऊल अडकतं, फार रुंद असली तर आत सरकतं. खोगिरात रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी पट्टीवर अडकवतात तिची मागची कडी उघडी ठेवायची, म्हणजे ओढ बसली की पट्टा निसटतो. अनेक पागांत ती गंजून बंद पडलेली असते. बाजूला रबर असलेली सुरक्षा रिकीब असेल तर रबर बाहेरच्या बाजूला.

महूकर
लाँजबद्दल थोडं वेगळं मत. पहिले तास रिकीब काढून, लगाम न देता गोल फिरवायची जी पद्धत आहे ती मोठ्या वयाच्या शिकाऊंना सरसकट लागू करू नये. चाळिशीत मांडीचे आतले स्नायू आखडलेले असतात. रिकीब काढली की माणूस गुडघ्यांनी घोड्याला आवळतो, आवळला की मांड (खोगिरातली बैठक) वर उचलली जाते, आणि शिकायचं त्याच्या उलट घडतं. शिवाय छोट्या वर्तुळात सतत फिरणं घोड्याच्या सांध्यांना वाईट. वर्तुळाचा व्यास १५ मीटरच्या खाली नको, वेळ वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि दर पाच मिनिटांनी दिशा बदलायची.

मल्हारी
@महूकर, व्यास आणि वेळेचं पूर्ण पटलं. पण लाँज सोडू नका. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिकाऊंना आधी लाँजवर, लगाम आणि रिकिबीविना बसवतात, तेही दीर्घ काळ. लगाम हातात आला की नवशिका तोल जाताना तोच धरतो. तो धक्का थेट घोड्याच्या जिभेवर आणि जबड्यावर बसतो. चांगले शांत घोडे अशानेच बिघडतात, तोंड घट्ट करतात, मान वर फेकतात.

मधला मार्ग आहे. रिकिबी ठेवायच्या, लगाम शिक्षकाकडे, आणि खोगिराच्या पुढे बांधलेला पट्टा बोटांनी नुसता धरायचा. चालीत जमलं की एक हात सोडायचा, मग दोन्ही, मग हात कमरेवर. चालीत रिकीब काढून एक-दोन मिनिटं, पुन्हा रिकीब. दुडकीत रिकीब काढायची घाई नको.

महूकर
हे मान्य. असं असेल तर माझा विरोध नाही.

राजवाडा_ते_सराफा
भिया, महिन्याभरात गॅलप (भरधाव दौड) येतो का? 🙂

पागेवरचा
येतो, पण तो घोड्याला येतो, स्वाराला नाही! आठवड्याला दोन तास धरले तर पहिले काही आठवडे चाल आणि थांबणं, मग दुडकीत उठ-बैठ, आणि कँटर (दुडकीहून वेगवान धाव) काही महिन्यांनी. चालीला घोडा ताशी सहा-सात किलोमीटर जातो, भरधाव सुटला की चाळिशीच्या वर. थांबवता न येणाऱ्याला तो वेग देऊ नये.

उठ-बैठीचं गणित: दुडकीत तिरपे पाय जोडीनं पडतात, टप-टप असे दोन ठोके. बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जातो तेव्हा उठायचं, मागे येतो तेव्हा बसायचं. सुरुवातीला त्याच्या खांद्याकडे बघून ओळखता येतं. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसायचं, म्हणजे पायही बदलतो. उठायचं गुडघ्यातून पुढे, कंबर किंचित. रिकिबीवर उभं राहायचं नाही.

फिजिओ_पलासिया
शरीराबद्दल. दुखेल ते मांडीच्या आतल्या बाजूला, बसायच्या दोन हाडांवर आणि कमरेला. दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं, ते नेहमीचं. शिकवणीच्या एका तासापासून दुसऱ्यापर्यंत दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा.

घरी करायचं: जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा खाली सोडणं, ३० सेकंद, तीन वेळा. घोड्यावर टाच खाली राहत नाही याचं कारण बहुतेकदा पोटरी आखडलेली असते. टाच जोरानं खाली दाबून ते सुटत नाही. बद्धकोनासन आणि मलासन रोज दोन-दोन मिनिटं. डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. तासाच्या वेळी आकडे मोठ्यानं म्हणायचे, कारण नवशिके श्वास रोखतात आणि श्वास रोखला की पाठ ताठते.

मणक्याची चकती सरकलेली असेल, हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर, मग घोडा.

लालबागवाली
थोडं विषयांतर. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या शिस्तबद्ध हालचाली करवून घेण्याच्या प्रकाराचं) सांघिक सुवर्ण मिळालं, त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळालं. ड्रेसाज म्हणजे अखेर मांड, श्वास आणि कमीत कमी खुणा. वर लाँजवरून जी चर्चा झाली तिचं टोक तिथे पोचतं. आणि ज्या शहराचं नाव होळकरांच्या घोडदळाशी जोडलंय तिथे चाळिशीतली बाई घोड्यावर बसायला निघाली, याचा मला मनापासून आनंद झाला. वहिनींना शुभेच्छा.

मल्हारी
होळकरांचा विषय निघालाच आहे तर: शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. वहिनींनी निदान दोन वर्षं बारगीर राहावं. क्लबवाले हळूच सुचवतील की एक घोडा स्वस्तात विकायचा आहे. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) बहुधा असाच स्वस्त मिळतो. देखणा असतो, वजनालाही पुरतो, पण लगाम ओढला की जास्त पळायची सवय त्याला लागलेली असते. त्याला नव्यानं शिकवायला जाणता माणूस लागतो. चंदी (दाणा), चारा, मोतद्दाराचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) पगार, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, हे सगळं घोड्यावर कुणी बसो न बसो चालूच राहतं.

रामबागकर
सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही जागा बघून झाल्या. एका जागी पाठीवर जखमा दिसल्या, ती यादीतून काढली. एका जागी टेप लावू दिला, घोडा सुमारे ४२० किलोचा भरला आणि तासाला शिक्षकामागे दोनच शिकाऊ. तिसऱ्या जागी काठेवाडी घोडी दाखवली. चाल लोण्यासारखी मऊ, पाणी सांडणार नाही म्हणाले. पत्नीला तीच आवडली. घोडी कशी वाटते?

पशुवैद्य_देवास
ती रेवाल चाल. काठेवाडी आणि मारवाडी घोड्यांत ती असते, लांबच्या फेरीला सुखाची. पण तिच्यात दुडकीचा उसळा नसतो, म्हणून उठ-बैठ शिकता येत नाही. मग दुसऱ्या कुठल्याही घोड्यावर बसलं की स्वार गोंधळतो. वजनाचा प्रश्नही आहेच. आधी ४२० किलोवाल्यावर शिका. रेवाल पुढच्या हिवाळ्यात, तोल आल्यावर, आणि वजन टेपनं मोजूनच.

काळी_माती
माळव्यात राहून मातीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मैदान कशाचं आहे ते विचारा. पक्क्या भरावावर आठ-दहा सेंटीमीटर वाळू असेल तर उत्तम. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, खूर अडकून पाय मुरगळतो. पावसात ती इतकी चिकटते की नाल उपसून येतो, आणि वळणावर घोडा घसरतो. ओल्या मातीत उभ्या घोड्यांच्या खुरांखालचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो, काळा होतो, घाण वास येतो. तासाआधी खूर स्वतः साफ करायला शिका: टाचेकडून टोकाकडे, आणि त्या मऊ भागावर हूक न खुपसता. मातीच्या या तऱ्हेमुळे शेतावरच्या फेऱ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ एवढाच वेळ. पागेवरचा यांनी सांगितलेल्या १९६५ च्याच नियमांत ३७ अंशांच्या वर तापमान असताना दुपारी १२ ते ३ जनावर कामाला लावू नये असं आहे. दुपारचा तास कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

सुदामानगरची_शमा
तिसरा प्रश्न तसाच राहिलाय. सोबत जाणाऱ्यानं काय करावं?

कठड्याबाहेर, प्रवेशाच्या फाटकापासून लांब उभं राहा. छत्री उघडणं, फडफडणारा रेनकोट, प्लास्टिकची पिशवी, फोनची अचानक वाजणारी घंटी, सगळं टाळा. घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि थेट मागचं दिसत नाही; बाजूनं, बोलत, डाव्या खांद्याकडे जा. कठड्यातून खाऊ देऊ नका, त्यातून चावायची सवय लागते. द्यायचंच तर तास संपल्यावर, मोतद्दाराला विचारून, लांब चिरलेलं गाजर सपाट तळहातावर.

शिक्षक बोलत असताना तुम्ही बोलू नका. "सांभाळ", "घट्ट धर" हे तर मुळीच नको. घट्ट धरलं की लगाम ओढला जातो. फोनवर एखादं मिनिट बाजूनं चित्रण करा. नंतर थांबवून बघा: कान, खांदा, कंबर, टाच एका उभ्या रेषेत आहेत का? टाच पुढे गेली असेल तर ती खुर्चीत बसल्यागत बसतेय, तोल मागे आहे. हे घरी दाखवा, मैदानात नको.

पागेवरचा
आणि तंगाची आठवण तुम्ही ठेवा. तो तीनदा आवळतात: खोगीर चढवताना, चढायच्या आधी, आणि पाचेक मिनिटं चालून झाल्यावर. घोडे आधी पोट फुगवतात, मग तंग सैल पडतो आणि खोगीर फिरतं. दोन बोटं जेमतेम आत जातील इतका हवा. तिसऱ्यांदा आवळायचं विसरायला होतं. शिक्षकाला हळूच विचारा.

फिजिओ_पलासिया
पडल्यास काय, तेही ठरवून ठेवा. धावत जाऊ नका, घोडा बिथरतो. घोडा शिक्षक पकडेल. तिला हात धरून उठवू नका. आधी मान दुखते का, हातापायांची बोटं हलतात का, आज कुठला वार, हे विचारा. डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसायचं नाही, वर कुणी कितीही "लगेच बसलं की भीती जाते" म्हणालं तरी. पुढचे ४८ तास उलटी, वाढती डोकेदुखी, जास्त झोप, गोंधळल्यासारखं बोलणं यांवर लक्ष ठेवा आणि यातलं काहीही दिसलं तर सरळ रुग्णालय गाठा.

मल्हारी
पडायच्या आधीच उतरता येतं, तेही शिकवायला सांगा. दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर, हात घोड्याच्या मानेवर, पुढे झुकून उजवा पाय पुठ्ठ्यावरून मागून आणायचा, ढकलून सुटायचं आणि गुडघे वाकवून उतरायचं. आधी उभ्या घोड्यावर, मग चालीत. कँटर सुरू करण्याआधी हे जमलंच पाहिजे.

रामबागकर
उद्यापासून ४२० किलोवाल्या घोड्यावर लाँज ठरलंय, रिकिबी ठेवून, लगाम शिक्षकाकडे. हेल्मेट आलं, एएसटीएमची खूण बघून. एक शेवटचं: चढताना रिकीब किती लांब ठेवायची, आणि पत्नी जमिनीवरून चढत नाही, पाय ठेवून चढायला ओटा मागतेय. ओटा घेतला तर शिकण्यात कमीपणा?

पागेवरचा
कमीपणा मुळीच नाही, ओटाच घ्या. जमिनीवरून चढताना सगळा भार एका बाजूच्या रिकिबीवर येतो, खोगीर ओढलं जातं आणि घोड्याची पाठ पिळवटते. रिकिबीचं माप: बोटांची टोकं खोगिरातल्या लोखंडी पट्टीला टेकवा आणि पट्टा हाताखालून ताणा, रिकीब काखेत पोचली की लांबी बरोबर. वर बसल्यावर पाय सोडून बघा, रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी यावा. उंच वाटली तर एक भोक खाली. बसताना धपकन नको, हळू टेकायचं.